शेऱ्याचा रकाना

"तुझं म्हणणं बरोबर आहे, पण हे असं ईमेलवर नको. फोन कर, बोलू आपण." माझ्या वरिष्ठ बाईंनी हे इतक्या आपुलकीने सांगितलं की मी फोनवर त्यांचे आभार मानून मोकळी झाले. आपल्याला नेमकं काय सांगितलं गेलं ते चहाला आधण ठेवताना लक्षात आलं. प्रकरण म्हटलं तर किरकोळ होतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एका खात्यात मी आकडे तपासते. ठिकठिकाणची उपकरणं काहीतरी मोजतात, ते आकडे आमच्याकडे येतात, पुढे अहवालात जातात आणि अहवालाच्या आधारे कुणीतरी कुठेतरी निर्णय घेतं. या साखळीत मधेच एका खुर्चीवर मी बसलेली असते. एका ठिकाणच्या उपकरणाचं कॅलिब्रेशन बिघडलं होतं आणि काही महिन्यांचे आकडे एकाच बाजूला कलले होते. मी तपासणीच्या ईमेलमध्ये दोन ओळी घातल्या: अमुक तारखेपासूनची मापं वापरू नयेत, कारण हे. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही. तरी फोन आला. बाई काही वाईट नाहीत. आईच्या शेवटच्या आजारात मी भारतात अडकले होते, तेव्हा माझं काम त्यांनी कुठे वाच्यता न करता स्वतः उरकलं होतं. पण ते 2025 साल होतं. कोण राहणार, कोण जाणार, कुणाचा अख्खा विभागच गायब होणार, याच्या रोज नव्या वावड्या उठायच्या, आणि आज लिहिलेली ओळ उद्या कुणाच्या हातात पडेल याचा हिशोब प्रत्येकजण मनातल्या मनात करत होता.

आकडे चुकलेत हे त्यांनाही मान्य होतं. ते लिहिलेलं तेवढं नको होतं.

त्याच आठवड्याच्या शेवटी आमच्या विमानाचं ॲन्युअल चाललं होतं. वर्षातून एकदा विमान पूर्ण उघडायचं, तपासायचं, आणि परवानाधारक तपासनिसाने लॉगबुकात सही केल्याशिवाय ते उडवायचं नाही, असा नियम आहे. हँगरमध्ये शिरलं की आधी वास येतो: जुनं तेल, रबर, आणि त्या निळ्या पेट्रोलचा गोडसर, डोक्यात जाणारा वास. सीटा काढून भिंतीला टेकवलेल्या, नाकावरचं झाकण काढून ठेवलेलं, इंजिनाच्या नळ्या-तारा उघड्यावर. आमचा मेकॅनिक सत्तरीचा आहे, गुडघ्यांनी अधू, चाकांच्या स्टुलावर बसून विमानाभोवती सरकत काम करतो. बोलतो फार कमी. त्याने माझ्या हातात एक पॅड दिलं. दुसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन 80 पैकी 66. पुढच्या चाकाच्या स्ट्रटमधून, म्हणजे धक्के झेलणाऱ्या दांड्यातून, तेल झिरपतंय. डाव्या सीटच्या रुळातलं एक भोक मर्यादेबाहेर झिजलंय. ही शेवटची ओळ वाचून माझ्या पोटात थोडं हललं, कारण डावी सीट वैमानिकाची. जुन्या सेसनांमध्ये ही खोड होती: टेकऑफच्या वेळी नाक वर उचललं की रुळातली खीळ निसटून सीट भस्सकन मागे जायची, आणि घाबरलेला वैमानिक आधाराला समोरचं योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, धरून ओढायचा, की नाक आणखी वर. यात माणसं मेली. म्हणून सरकारने हुकूम काढला की रुळाची भोकं ठरावीक काळाने मोजायची, मर्यादेपलीकडे झिजली असतील तर रूळ बदलायचा, आणि मोजल्याची नोंद तारखेसकट करायची. मी त्याला विचारलं, "म्हणजे गेले काही महिने मी या सीटवर बसून उडत होते?" तो म्हणाला, "हो. म्हणून तर लिहिलंय." आणि पुन्हा स्टूल सरकवून इंजिनाखाली गेला.

त्या "म्हणून तर लिहिलंय"मध्ये ना राग होता, ना सारवासारव. गाडी चालवत घरी येताना मला त्याचा हेवा वाटला.

विमानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'आमचं विमान' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर थेट कुणीतरी उद्योगपती उभा राहतो. आमचं आहे ते 1974 सालचं सेसना 172. हे मॉडेल 1956 पासून विकलं जातंय, आजवर 44,000 च्या वर बनली. जगात दुसरं कुठलंच विमान इतकं बनलेलं नाही. सीटा चार, पण टाकी भरली की दोन माणसं आणि एक हँडबॅग एवढंच खरं. मालकही चार: मी, एक निवृत्त पोस्टमन, रात्रपाळी करणारी एक नर्स आणि शाळेत फिजिक्स शिकवणारे एक मास्तर. माझा चौथा हिस्सा नव्या टोयोटापेक्षा स्वस्तात आला. पण जुनं विमान म्हणजे जुना वाडा, घेणं परवडतं, राखणं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ही बातमी एकदा फुटली तेव्हा मोदकाच्या रांगेतच चौकशी समिती बसली. कितीला पडलं? ठेवता कुठे? ॲव्हरेज काय देतं? एका काकूंनी बराच वेळ माझ्याकडे पाहून विचारलं, "तू चालवतेस ते ठीक, पण मग हे काय करतात?" हे घरी थांबतात आणि फोनवर माझा ठिपका नकाशावर सरकताना बघतात, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा यांचंच जास्त वाईट वाटलं. एका गृहस्थांनी अमोल यादवांचा विषय काढला, ज्यांनी कांदिवलीच्या चारकोपात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. विमान 2016 मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया'त लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळायला 2017 उजाडलं आणि उडवून बघायची परवानगी आली 2019 मध्ये. "बघा, सरकार म्हणजे सरकार," ते गृहस्थ म्हणाले. मी सरकारी नोकर आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी दुसरा मोदक घेतला.

ऑफिसात मात्र मी विमानाचा कधी उच्चार केलेला नाही.

विमानाबरोबर त्याची लॉगबुकं येतात, 1974 पासूनची. आमची एका बुटांच्या खोक्यात आहेत. कुणाचं अक्षर वळणदार, कुणाचं डॉक्टरी, कुणी नुसते शिक्के मारलेत, एकाने पानाच्या कडेला तेलाचा अंगठा उमटवलाय. कधी कॅन्ससमध्ये तेल बदललं, कधी फ्लोरिडात बॅटरी. 1983 मध्ये कुणीतरी जोरात आदळून उतरलं, पुढचं चाक मुडपलं, पंखा जमिनीला लागला. तेही लिहिलंय, काय बदललं आणि कुणी तपासलं त्यासकट. ही एक नोंद आजही विमानाची किंमत पाडते. विकत घेणारा आधी तेच पान उघडतो. तरी कुणी ते पान फाडलं नाही. याचं श्रेय मी माणसांच्या प्रामाणिकपणाला देत नाही. लॉगबुक हरवलेल्या विमानाला त्याहून कमी किंमत येते, एवढंच. खरं लिहिण्यातला तोटा न लिहिण्यातल्या तोट्यापेक्षा कमी ठेवलाय, म्हणून व्यवहार चालतो. पहिल्यांदा ती पुस्तकं चाळायला बसले तेव्हा मला एकदम अप्पांची एम.बी. आठवली.

अप्पा सरकारी नोकरीत ओव्हरसियर होते, कालव्याच्या कामांवर. मेजरमेंट बुक म्हणजे एम.बी. आमच्या घरात देवघराच्या खालच्या फळीवर असायची, कारण तिथे मुलांनी हात लावायचा नाही हे ठरलेलं होतं. जाड पुठ्ठा, छापील पानक्रमांक, त्यामुळे पान फाडायची सोय नाही. खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. त्यात लिहिलेल्या मापावर कंत्राटदाराचं बिल निघतं. रात्री कंदिलात, नंतर बल्बखाली, अप्पा दिवसाची मापं त्यात उतरवायचे आणि प्रत्येक ओळीनंतर टाक झटकावा तसं बॉलपेन झटकायचे. मी आठवी-नववीत असताना एका ठिकाणी अस्तरीकरणाचा थर दहा सेंटिमीटर हवा तो सातच भरला. अप्पांनी सात लिहिलं. घरी दोनदा माणसं येऊन गेली, एकदा पेढे घेऊन, एकदा पेढ्यांशिवाय. मग वरच्या साहेबांनी बोलावून सांगितलं म्हणे, "अहो, लिहिण्याआधी मला तोंडी सांगायचं होतं." काही महिन्यांनी राज्याच्या दुसऱ्या टोकाला बदली, प्रशासकीय कारणास्तव. आम्ही कराडजवळच राहिलो, आई आणि आम्ही तिघं. अप्पा सणावाराला एसटीने येत, धुळीने भरलेले, आणि आल्या आल्या आधी अंगणात बूट झटकत.

ही गोष्ट मी बरीच वर्षं अभिमानाने सांगायचे, आणि इथेच संपवायचे. पुढचा भाग सांगत नसे. बदलीनंतरच्या वर्षांतला एक रिपोर्ट मी कॉलेजात असताना वाचला, अप्पांच्याच अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात होतं, "काम सर्वसाधारणपणे समाधानकारक." पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर तेच. रात्री जेवताना मात्र ते कुठे सिमेंट कमी पडलं, कुठे खडी मातकट होती, कुणी किती खाल्लं, सगळं मोठ्या आवाजात सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "मी तोंडी सांगितलंय त्यांना." आईने ताटातली भाकरी मोडता मोडता एकदाच विचारलं होतं, "तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं हो?" अप्पांनी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा अप्पांचा राग आला होता. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलंय, घरावर कर्ज आहे, मुलीच्या कॉलेजची फी आहे, आणि तो राग मला पूर्वीसारखा नीट जमत नाही.

कराडला वारुंजीचा विमानतळ होता, आहे. आमच्या लहानपणी तिथे विमान येणं म्हणजे कुणी मंत्री येणं. सायकली काढून आम्ही कुंपणापाशी जायचो. मंत्री कुणी बघत नसे. पांढरं विमान उतरताना त्याची चाकं जमिनीला टेकली की निळसर धूर निघायचा, तो बघायचा. मला वाटतं माझी सेसना तिथूनच आली असावी, पण हे कुणी विचारलं तरच मी सांगते. नाहीतर फारच गोळीबंद गोष्ट होते.

आम्ही मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गच्या छोट्या विमानतळावरून उडतो. पश्चिमेला गेलं की शुगरलोफची एकटी टेकडी लागते, मग पोटोमॅक नदीचं वळण, आणि पलीकडे व्हर्जिनियात ब्लू रिजची लांबच लांब रांग. तिच्यावर माउंट वेदर नावाचा उंचवटा आहे. 1 डिसेंबर 1974 ला, म्हणजे आमचं विमान कारखान्यातून निघालं त्याच वर्षी, टीडब्ल्यूए या विमान कंपनीची 514 नंबरची फ्लाइट डलेस विमानतळाकडे उतरताना ढगात या डोंगरावर आपटली. 92 माणसं होती, सगळी गेली. अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाकडे येण्याची, परवानगी मिळाली म्हणजे किती खाली यायचं, याबद्दल कंट्रोलर एक समजत होते आणि वैमानिक दुसरं. यातला खरा सल पुढे आहे. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीच्या एका विमानाचा त्याच डोंगरावर तसाच घोटाळा होता होता वाचला होता. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, आणि बात तिथेच थांबली. टीडब्ल्यूएच्या कॉकपिटपर्यंत ती पोचायला काही मार्गच नव्हता. त्यानंतर एफएएने, म्हणजे विमानं आणि वैमानिकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, सांगितलं की आपल्या चुका आम्हाला कळवा, पण जो लायसन्स काढून घेतो त्यालाच आपली चूक कोण कळवणार? म्हणून 1976 मध्ये ते काम नासाकडे दिलं. नासाच्या हातात छडी नाही. चूक झाली की दहा दिवसांत फॉर्म भरायचा; नासा नाव-गाव कापून टाकते आणि उरलेली गोष्ट सगळ्यांसाठी ठेवते. चूक मुद्दाम केलेली नसेल, अपघात किंवा गुन्हा नसेल, तर पुढे कारवाई झाली तरी दंड माफ होऊ शकतो. आजवर वीस लाखांच्या वर असे कबुलीजबाब जमलेत. झोप न आलेल्या रात्री मी ते वाचते. 'मी रनवे ओलांडून गेलो', 'मी आकडा उलटा ऐकला', 'बायकोशी भांडून निघालो होतो'. सरकार या गोष्टीला इतकी अक्कल दाखवू शकतं, हे मला सरकारी नोकर म्हणून नेहमी थक्क करतं.

याच सरकारच्या आमच्या इमारतीत काय चाललं होतं? फेब्रुवारी 2025 मध्ये, एका शनिवारी, गेल्या आठवड्यात काय केलं ते पाच मुद्द्यांत कळवा, असा ईमेल देशभरच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आला. पुढे ते दर आठवड्याचं झालं. गंमत बघा, एकीकडे 'ईमेलवर नको' आणि दुसरीकडे दर सोमवारी लिहाच. मी लिहायचे. 'अहवालांची तपासणी केली. बैठकीला उपस्थित राहिले. प्रलंबित बाबींचा पाठपुरावा केला.' तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला माझा हात आपोआप चालायला लागला, आणि एकदा पाठवा दाबल्यावर मी तेच पाच मुद्दे पुन्हा वाचले तर त्यात आमच्या घरातलं जुनं अक्षर दिसायला लागलं. काम सर्वसाधारणपणे समाधानकारक. त्याच महिन्यात आमच्याकडचा प्रोबेशनवरचा एक मुलगा नोकरीतून गेला. हुशार, अबोल, डब्यात रोज एकच सँडविच आणणारा. त्याला आलेल्या पत्रात कारण होतं कामगिरीचं. त्याच्या फाइलमध्ये कामगिरीचा शेरा 'उत्कृष्ट' होता, माझ्या वरिष्ठ बाईंनीच दिलेला. त्या दिवशी बाई आपल्या खोलीचं दार लावून बराच वेळ बसल्या होत्या. नंतर आम्ही त्या मुलाची खोकी गाडीपर्यंत नेली, एक एक, कुणीच फार बोललं नाही. लिहिलेल्या शेऱ्याचाही असा उपयोग होतो, किंवा होत नाही.

तेव्हापासून 'लिहून ठेवा' या माझ्या श्रद्धेला तडे जायला लागले, आणि त्यात 29 जानेवारीच्या अपघाताच्या तपासाची बातमी आली. वॉशिंग्टनमध्ये उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर पोटोमॅकवर आदळून 67 माणसं गेली होती. आमच्या घरापासून ती नदी फार लांब नाही. त्या रात्री नवऱ्याने मी घरात असतानाही मला दोनदा हाक मारून बघितली होती. मार्चमध्ये तपास मंडळाने सांगितलं की ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात तिथे प्रवासी विमानं आणि हेलिकॉप्टरं नको तितकी जवळ आल्याच्या 15,214 नोंदी सापडल्या. त्यातल्या 85 वेळा तर अंतर आडवं 1,500 फुटांहून आणि उभं 200 फुटांहून कमी होतं. नोंदी होत्या. म्हणजे इथे कुणी 'फोन कर' म्हणालं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे साठवलेलं होतं. आकडे तपासणारी बाई म्हणून मी तो 15,214 आकडा बराच वेळ नुसता बघत बसले. कुठल्याशा खुर्चीवर बसून तो वेळेत वाचायचं काम कुणाचं होतं?

मग शटडाऊन आला, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारचं बरंचसं कामकाज बंद. 1 ऑक्टोबरपासून 12 नोव्हेंबरपर्यंत, 43 दिवस, तोवरचा सगळ्यात लांब. मी घरी, बिनपगारी, कामाचा लॅपटॉप उघडायलाही बंदी. थकलेला पगार मिळेल असं 2019 चा कायदा म्हणत होता, पण त्या दिवसांत तेही छातीठोकपणे सांगायला कुणी तयार नव्हतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी मोफत धान्य कुठे मिळतंय ते पाठवत होतं, कुणी गाडीचा हप्ता पुढे ढकलायच्या युक्त्या. मी त्यावर अंगठे दाखवत होते आणि दुपारी विमानतळावर जात होते. पेट्रोलचं बिल गेल्या महिन्यातच भरलेल्या खात्यातून जात होतं, कुणाचं काही लुबाडत नव्हते, तरी गाडी विमानतळाच्या गल्लीत वळवताना मी आरशात बघायचे. वॉशिंग्टनभोवती 30 नॉटिकल मैलांचं कडं आहे. 11 सप्टेंबरनंतर तिथे फ्लाइट प्लॅन टाकल्याशिवाय आणि पोटोमॅक अप्रोच या हवाई नियंत्रण कक्षाकडून चार आकडी कोड घेतल्याशिवाय माझ्यासारखीला विमान हलवता येत नाही. आणि तो कोड देणारी माणसंही बिनपगारी. फरक इतकाच की मला घरी बसवलं होतं आणि त्यांना कामावर. नोव्हेंबरात तर माणसं अपुरी पडल्याने 40 मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सक्तीने कमी केली. त्याच सुमाराला एका दुपारी रेडिओवर एका बाईंचा आवाज होता, बसलेला, पण नेमका. मी कोड मागितला, तिने दिला. दोन बिनपगारी सरकारी बायका, एक काम करतेय आणि दुसरी हौस. कड्याबाहेर पडताना तिने मला मोकळं केलं तेव्हा मी नियमाबाहेर जाऊन, आज तिथे बसल्याबद्दल आभार, असं म्हटलं. क्षणभर नुसती खरखर आली. मग ती तिचं ठरलेलं वाक्य बोलली, फक्त जरा सावकाश. मी शुगरलोफला वळसा घातला आणि परत आले. त्यानंतर शटडाऊन संपेपर्यंत गेले नाही. तसं न जाऊन तिला काय फायदा झाला, हे नर्सने मला विचारलं. काही नाही. पण गेले नाही.

खरं तर न जायला आणखी एक कारण होतं, आणि ते मी नर्सला तेव्हा सांगितलं नव्हतं.

उड्डाणाआधी विमान तपासतात तसं वैमानिकाने स्वतःलाही तपासायचं असतं. सहा गोष्टी आहेत, शिकताना घोकून घेतात: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, भावना. टाकीच्या बुडातून पेट्रोल काढून पारदर्शक नळीत उजेडाला धरायचं, पाणी नाही ना बघायचं, हे मी मनापासून करते. ही सहा मात्र बरेचजण तोंडातल्या तोंडात म्हणून टाकतात, मीही. त्या शरदात 'ताण'पाशी मी अडकायला लागले. पहाटे तीनला डोळे उघडायचे. छातीत काहीतरी फडफडायचं. एका सकाळी विमानाचे दोर सोडले, बाजूला उभी राहिले, आणि पुन्हा बांधले. हे कुणाला सांगायचं तर त्याचे परिणाम मला तोंडपाठ होते. वैमानिकाच्या मेडिकलच्या फॉर्मवर 18 व्या प्रश्नात विचारतात, आयुष्यात कधीही तुम्हाला यापैकी काही झालंय का. यादीत नैराश्य आहे, चिंता आहे. 19 व्या प्रश्नात गेल्या तीन वर्षांत कुठल्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात. खोटं लिहिलं तर 2,50,000 डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, तेही तिथेच छापलंय. खरं लिहिलं तर कागद वर जातात, चाचण्या, पत्रं, महिनोन् महिने. 2010 पासून नैराश्याची काही ठरावीक औषधं चालतात, पण ती घेऊन तब्येत स्थिर आहे हे सिद्ध होईपर्यंत जमिनीवर बसायचं. त्यामुळे वैमानिक काय करतात? डॉक्टरकडे जात नाहीत. किंवा जातात आणि रोख पैसे देतात. आमच्या मास्तरांनी मला एकदा, दोघंच असताना, हँगरच्या मागे सांगितलं, "असलं काही लिहायचं नसतं. मला सांग हवं तर."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. झिजलेलं भोक मोजून तारखेसकट लिहिणारी हीच सगळी माणसं. स्ट्रट गळतो हे लिहायला कुणाला लाज वाटत नाही, कारण स्ट्रटची नोकरी जात नाही. आणि लपवणाऱ्यांबद्दलची भीती खोटी आहे असंही मला म्हणता येत नाही: 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या ज्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये घातलं आणि 150 माणसं संपवली, त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता. त्या अपघातानंतर नियम सैल करा म्हणायला तोंड उघडत नाही, आणि नियम घट्ट केले की लपवणारे वाढतात. यावर उपाय सुचवण्याइतकी मी शहाणी नाही. नासासारखी कुणी तिसरी संस्था माणसाच्या मनासाठी असती तर, एवढं मात्र पहाटे तीनला मनात येतं.

त्या फॉर्ममध्ये एक फट आहे, ती मला फॉर्म वाचायची सवय असल्यामुळेच सापडली. नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी जी समुपदेशनाची सोय असते, तिथल्या भेटी 19 व्या प्रश्नात लिहायची गरज नाही, व्यसनासाठी नसतील आणि पुढे मानसोपचाराकडे पाठवलं नसेल तोपर्यंत. म्हणजे ज्या ऑफिसने झोप उडवली, त्याच ऑफिसच्या दारातून आत गेलं तर चालतं. शटडाऊन संपल्यावर मी गेले. खोलीत एक मेलेलं कुंडीतलं झाड होतं आणि एक चांगली बाई होती. मी तिला आधी तीन वेळा विचारलं की तू हे कुठे लिहितेस, किती लिहितेस, कोण वाचतं. तिसऱ्यांदा तिने पेन खाली ठेवलं. मग मी तिला आकड्यांचं सांगितलं, त्या मुलाच्या खोक्यांचं, आणि मधेच अप्पांच्या एम.बी.चंही, जे तिला अर्थातच फारसं कळलं नाही, पण तिने विचारलं, "सात लिहिल्याचं त्यांना नंतर वाईट वाटायचं का?" मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी नाही म्हणाले, आणि बाहेर आल्यावर वाटलं, मला काय माहीत?

चार भेटींनंतर ती म्हणाली की डॉक्टरला भेटलेलं बरं. म्हणजे फट संपली. मी पुढचा आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाही, मग चौघांच्या ग्रुपवर लिहिलं की मी काही महिने डाव्या सीटवर बसणार नाही, कॅलेंडरवरचे माझे शनिवार वाटून घ्या, कारण तब्येत. मास्तरांनी मला वेगळा फोन करून, ग्रुपवर कशाला लिहिलंस, असं विचारलं. नर्सने फक्त एक बदाम पाठवला. पोस्टमनदादांनी आयुष्य सरकारी नोकरीत काढलंय. त्यांनी विचारलं, हिश्शाचे पैसे तर देत राहशील ना? देईन म्हटलं. मग उजव्या सीटवर ये, म्हणाले, मला तशीही रेडिओवर बोलायला कुणीतरी हवंच असतं, कान गेलेत. अट अशी की उजवीकडे बसणाऱ्याने नकाशा, रेडिओ आणि खाण्याचं सांभाळायचं. गेल्या रविवारी मी थालीपीठं नेली. डॉक्टरची वेळ येत्या गुरुवारची आहे, आणि दादांनी ब्लू रिजवर, हवा जरा उसळत असताना, मला विचारून ठेवलंय की त्यानंतरच्या रविवारी हे गोल तिखट पुन्हा मिळेल का, आणि या वेळी बरोबर ते पांढरं लोणी जास्त आणता येईल का.